'चालवतो'चे 'चालवते' कोणी केले?

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती, म्हणजे पुढे कोणी "आम्हाला कल्पना नव्हती" असे म्हणू नये.

मे महिन्याचा दुसरा शनिवार, सायंकाळी साडेपाच. नागपूरच्या धरमपेठेतील एका चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस. जबाबदारी अल्प.

तोच शनिवार, साडेसहा. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात बोलायला आलेल्या प्राध्यापिका. त्यांनी "हे लिहून द्या" म्हटले, एवढीच जबाबदारी.

गणपती उठल्यानंतरचा सोमवार. वाचनालयाच्या वार्षिक स्मरणिकेचा मजकूर छपाईला पाठवणारे तिचे संपादक. जबाबदारी संपूर्ण.

कोजागिरीच्या आधीचा रविवार. स्मरणिकेच्या प्रकाशनाला हजर राहून टाळ्या वाजवणारे समस्त सभासद. जबाबदारी सामुदायिक.

त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार, सकाळी आठ. माझ्या पत्नीने पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "मी भाजी घेऊन येते."

या शेवटच्या नोंदीत वाचकाला काहीही वावगे दिसणार नाही. मला मात्र हातातला पेला खाली ठेवावा लागला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत ही बाई माझ्या घरातून एकदाही "येते" म्हणून बाहेर पडलेली नव्हती. ती "येतो" म्हणते. "जातो", "करतो", "सांगतो", "पाहतो" म्हणते. भूतकाळात ती इतरांसारखीच "गेली" आणि "आली" असते. वर्तमानकाळात मात्र "येतो". वर्धेपलीकडच्या तिच्या गावात सगळ्या बायका असेच बोलतात. त्याच बोलीत पुरुष "तो जाते" असतो, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो. म्हणजे त्या गावात सकाळी बाई म्हणते "मी शेतात जातो", आणि तिच्या नवऱ्याविषयी शेजारीण म्हणते "तो बी जाते". कोणाचेही काही बिघडत नाही.

आता घटनाक्रम.

माझे आयुष्य एका सरकारी कार्यालयाच्या विधी शाखेत मसुदे तपासण्यात गेले. मी वकील नाही. दुचाकी मला येत नाही; ती पत्नी चालवते, आणि उत्तम चालवते. गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तो पुरेसा वाकत नाही, म्हणून मी मागे दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसतो. ज्यांना यात हसण्यासारखे वाटते त्यांनी स्वतःचा गुडघा तपासून घ्यावा.

नागपुरात मे महिन्यात घराबाहेर पडायचे तर डोके, मान आणि तोंड कापडात बांधूनच पडावे लागते. त्या दिवशी पत्नीने सलवार-कुर्त्यावर माझा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला, तोंडाला माझा पांढरा दुपट्टा गुंडाळला, काळा चष्मा लावला आणि वर हेल्मेट घातले. पांढरा दुपट्टा तिने घेतल्यामुळे माझ्या वाट्याला तिचा जांभळ्या फुलांचा आला. दुसरे हेल्मेट घरी राहिले. व्याख्यानाचा विषय फलकावर "उभयलिंगभाव: अर्थ आणि उपयोग" असा लिहिलेला होता, आणि त्यातील पहिल्याच शब्दाच्या घडणीवर मला वक्त्यांना तीन प्रश्न विचारायचे होते. ते प्रश्न लिहिलेला कागद शोधण्यात हेल्मेटचे राहून गेले.

चौकात पोलिसाने हात केला.

"ओ भाऊ, साइडले घ्या गाडी. ताईचं हेल्मेट कुठं आहे?"

मी फुलांच्या आडून म्हणालो, "प्रथम हे नोंदवून घ्या की मी ताई नाही."

माझा आवाज बारीक आहे. फोनवर मला जन्मभर "मॅडम" म्हणण्यात आले आहे आणि त्याबद्दल मी वेळोवेळी यथोचित पत्रे पाठवली आहेत.

"हो ताई, तुम्ही बसा निवांत," पोलीस म्हणाला. "मी भाऊसंग बोलून राहिलो."

पत्नीचा आवाज भरदार आहे. ती खर्जात म्हणाली, "पुढच्या खेपी आणतो साहेब."

"आणा गा भाऊ! सोताचं डोकं तेवढं झाकता, अन् घरच्या बाईले असंच उन्हात बसवता? बरं दिसते का हे? जा आता."

मला तिथेच उतरून लेखी निवेदन द्यायचे होते. पत्नीने गाडी पुढे काढली. पुढच्या चौकापर्यंत तिची पाठ हलत होती. मला वाटले, खड्डे आहेत.

व्याख्यान चांगले झाले, हे मान्य केले पाहिजे. प्राध्यापिका वयाने लहान, पण बोलणे नेमके. मूळ शब्द, 'अँड्रोजिनी', ग्रीकांचा, पुरुष आणि स्त्री हे दोन शब्द एकत्र बांधलेला. एकाच व्यक्तीच्या दिसण्यात, वागण्यात किंवा स्वभावात जे गुण आपण बायकांच्या आणि पुरुषांच्या नावे वाटून दिले आहेत ते दोन्ही सुखाने नांदत असले, तर त्यासाठी हा शब्द. कोणाच्या शरीराची तपासणी करण्यासाठी किंवा कोणाला कोण आवडते हे ठरवण्यासाठी तो नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. मराठीची अडचणही त्यांनी लपवली नाही. "उभयलिंगी" म्हटले की वनस्पतिशास्त्रातले जास्वंदाचे फूल समोर येते. "अर्धनारीनटेश्वर" म्हटले की हात जोडावे लागतात आणि विचार थांबतो. "नपुंसक" म्हणजे दोन्ही नसणे, आणि त्याची तर शिवी होऊन बसली आहे. दोन्ही असण्यासाठी रोजच्या वापरातला, कपाळावर आठी न आणणारा शब्द आपल्यापाशी नाही.

पुढच्या रांगेतले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, "म्हणजे सरळ भाषेत बायल्या. नाही का, मॅडम?"

सभागृह हसले.

"काका," प्राध्यापिका म्हणाल्या, "मुलगी मुलासारखी धीट आहे म्हटलं, की तुम्ही कौतुकानं चार लोकांना सांगता. मुलगा मुलीसारखा हळवा आहे म्हटलं, की भांडायला उठता. एका बाजूनं बढती आणि दुसऱ्या बाजूनं बदनामी! हा शब्द वापरायचा तो एवढ्यासाठीच. दोन्ही बाजूंना एकच माप लागतं का, ते बघायला."

माझा पहिला प्रश्न विचारण्यासाठी मी हात वर केला. पण तोवर माझी पत्नी उभी राहिली होती. अभ्यासमंडळात ती नऊ वर्षे येते आहे, आणि नऊ वर्षांत ती चहाव्यतिरिक्त कशासाठीही उठलेली नव्हती. तिने चौकातला प्रसंग सांगितला. कसा सांगितला, हे मी वर्णन करणार नाही, कारण त्यात माझी नक्कल होती. लोक खुर्च्यांचे हात धरून हसले. त्या निवृत्त अधिकाऱ्यांनीही डोळे पुसले. प्राध्यापिका म्हणाल्या, "मी तासभर बोलले, ते तुम्ही चौकात उभं राहून सांगितलंत. हे लिहून द्या ना, काकू." संपादक तिथेच होते. ते म्हणाले, स्मरणिकेत घेऊ.

तिने लिहिले. एक पान. आयुष्यात छापण्यासाठी लिहिलेले पहिले पान. मधल्या काही ओळी गाळून ते असे होते:

"मी गाडी चालवतो. मागं घरचं माणूस बसते. गुडघा वाकत नाही म्हणून एका बाजूनं बसते. चौकात मी गाडी थांबवतो. पोलीस म्हणते, भाऊ, ताईचं हेल्मेट कुठं आहे? मी म्हणतो, आणतो साहेब. मंग मागचं माणूस चिडून म्हणते, मी हिचा नवरा आहे!"

मी सवयीने पेन उघडून बसलो. प्रथम तथ्याची चूक दाखवली.

"हे शेवटचे वाक्य मी उच्चारले नव्हते."

"मनात म्हटलं होतं ना?"

"मनातले पुराव्यात येत नाही."

"मंग कोर्टात नका देऊ. स्मरणिकेत द्या."

दुसरी हरकत मी स्वतःसाठी घेतली. "घरचं माणूस" म्हणजे मी नपुंसकलिंगात गेलो. चव्वेचाळीस वर्षांच्या संसाराचे हेच फळ का? यावर तिने पान माझ्याकडे सरकवले. तेव्हा मी ते पुन्हा वाचले, मसुदे तपासणाऱ्याच्या नजरेने. "चालवतो" वाचून वाचक समजतो, पुढे पुरुष आहे. "माणूस बसते" वाचून समजतो, मागे बाई आहे. पोलिसाला जे दिसले तेच वाचकाला दिसते, आणि शेवटच्या ओळीत पोलीस व वाचक एकाच वेळी तोंडावर आपटतात. आणि ते शेवटचे वाक्य सोडले तर संपूर्ण पानात एकही असत्य विधान नाही! माझ्या सबंध नोकरीत इतका निर्दोष मसुदा माझ्या टेबलावर आला नव्हता. मी पेन बंद केले.

येथे मला एक जुना दोष कबूल करावा लागेल. लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी गेली तेव्हा तिथून तिचे पत्र आले होते. "मी रविवारी येतो. न्यायले या." मी लाल पेन्सिलीने "येतो"वर काट मारून वर "येते" लिहिले, "न्यायले"चे "न्यायला" केले, आणि ते पत्र टपालाने तिला परत पाठवले. मला त्यात प्रेमच अभिप्रेत होते. रविवारी ती एकटीच आली. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पडवीत, आईवडिलांसमोर, तिने ते पत्र माझ्या हातात दिले.

"तो का ती, हे दुसऱ्याविषयी सांगा लागते," ती म्हणाली. "मी कोण होय हे मले मालूम आहे. ज्याच्यासंग बोलतो त्याले बी समोर दिसते. मंग 'येते' म्हणून मी कोणाले कळवू?"

"मी" हा शब्द पाहा: तो स्त्रीचा नाही, पुरुषाचा नाही, आणि कोणाचाच नाही असेही नाही. आपण सगळेच "मी"मध्ये उभयलिंगी असतो. क्रियापदापर्यंत पोहोचलो की वेगळे काढले जातो. तिच्या गावच्या बायकांनी ती वेगळे काढण्याची जागा वर्तमानकाळातून उचलून भूतकाळात नेली, इतकेच. प्राध्यापिकांना जो रोजच्या वापरातला शब्द सापडत नव्हता तो माझ्या घरात चपला घालून रोज सकाळी भाजीला जात होता.

स्मरणिका आली. त्यात छापले होते: "मी गाडी चालवते. मागे माझे पती बसतात."

पुढचे सांगण्याची आवश्यकता आहे काय? पहिल्याच दोन वाक्यांत वाचकाला सर्व कळते. त्यानंतर पोलीस चुकतो, पण एकटाच चुकतो, आणि एकटा चुकणारा पोलीस हा काही विनोद नव्हे. प्रकाशनाच्या दिवशी पत्नीला तेच पान व्यासपीठावरून वाचायला दिले. तिने छापील वाचले. शेवटच्या ओळीनंतर ती क्षणभर थांबली, मेमध्ये जिथे सभागृह उसळले होते तिथे. तिसऱ्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "छान अनुभव." टाळ्या पडल्या. ती खाली आली आणि माझ्या शेजारी बसून पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

घरी येताना म्हणाली, "माह्यंच चुकलं असन. लिहिता येत नाही न मले."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता: "येते."

मंगळवारी "चहा ठेवते". बुधवारी बहिणीशी फोनवर "मंग बोलते". ती ते शब्द नवी चप्पल लागावी तशी जपून टाकत होती. घरात पाहुणी राहायला आल्यासारखे वाटू लागले, आणि मी पाहुणीशी जसे वागावे तसा नीट वागू लागलो, जे आम्हा दोघांनाही असह्य झाले.

मी संपादकांना पत्र लिहिले. उत्तर चार ओळींचे आले. त्यातील कळीचे वाक्य जसेच्या तसे देतो: "प्रमाणभाषेच्या दृष्टीने आवश्यक ती लिंगदुरुस्ती करण्यात आली आहे." सत्तरीतल्या बाईची, तिला न विचारता, लिंगदुरुस्ती!

दुसरे पत्र मी कायद्याच्या आधाराने लिहिले. कायद्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा एक स्वतंत्र कायदा आपल्याकडे आहे, आणि त्यानुसार, संदर्भ विरुद्ध नसेल तर, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो. तेव्हा "चालवतो" या रूपात माझी पत्नी कायद्याने आधीच बसलेली आहे. हा युक्तिवाद मी तिला अभिमानाने वाचून दाखवला.

"म्हणजे तुमच्या 'तो'त मले धरून घेतलं?" ती म्हणाली. "मागच्या शिटवर?"

"तसे नव्हे, कायद्याच्या भाषेत..."

"फाडा ते."

पत्र फाडले. प्रत ठेवली आहे.

मग मी संपादकांना वाचनालयातच गाठले. ते वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी उभे होते. माणूस वाईट नाही. हयात मराठी शिकवण्यात गेली आहे.

"या वकीलसाहेब," ते म्हणाले. "अजून राग गेला नाही वाटतं?"

"आपल्याच स्मरणिकेत आपलाच लेख आहे. त्यात आरंभी 'तो वेळ' आणि अखेरीस 'ती वेळ' छापले आहे."

"वेळ उभयलिंगी शब्द आहे. दोन्ही चालतात."

"बाग?"

"चालते. आणि चालतो."

"तंबाखू?"

"तंबाखूही दोन्ही. आता काय ढेकरापर्यंत जाणार का?"

"ढेकरही दोन्ही. मला एवढेच विचारायचे आहे की जी सवलत तंबाखूला आहे ती माझ्या पत्नीला का नाही?"

ते हसले, मग गंभीर झाले. "अहो, लोक म्हणाले असते, बाईंना व्याकरण येत नाही. मी त्यांची लाज राखली."

"मे महिन्यात आपण त्या सभागृहात होतात. तेव्हा तिची लाज गेली होती की आपण खुर्चीवरून घसरला होतात?"

"बोलण्यातलं वेगळं, छापण्यातलं वेगळं." आणि मग त्यांनी मला जागेवर पकडले. "पण साहेब, तक्रार नक्की कोणाची? बाईंची की तुमची? बाई काही बोलल्या नाहीत."

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी योग्य होता. ज्याचे नुकसान झाले त्यानेच दाद मागावी. मी घरी आलो, तिसऱ्या पत्राचा मसुदा केला, खाली तिच्या सहीसाठी जागा ठेवली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"ह्यात लिहिलं आहे का, पहिली लाल पेन्सिल कोणाची होती?"

"त्याचा येथे संबंध नाही."

"तुम्ही खोडलं तव्हा घरात खोडलं, मी भांडली. त्यायनं छापून खोडलं. छापलेल्यासंग कसं भांडतात?" तिने शेंग मोडली. "आधी तुम्ही सांगा चार लोकात का तुम्ही बी खोडलं होतं. मंग पाहू."

माझे लक्ष त्या शेवटच्या शब्दावर गेले. "पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी ती "जाऊन येऊ का?" म्हणाली. मग "चहा ठेवू?" मग "बोलू नंतर." आज तीन आठवडे झाले, ती केवळ अशीच क्रियापदे वापरत आहे ज्यांना लिंगच नाही. "येते" गेले आहे. "येतो" परतलेले नाही. सबंध घराचे व्याकरण स्थगितीखाली आहे. इतक्या कसोशीने तिने एकही चूक होऊ दिलेली नाही की मला तिचा अभिमान वाटतो, आणि सकाळी आठ वाजता दार लागले की काही सुचत नाही.

तेव्हा तिने घातलेली अट मी या जाहीर पत्रात पूर्ण करत आहे. चार लोकांत सांगतो: पहिली काट मी मारली. ती चूक होती. तिचे वाक्य बरोबर होते, माझे व्याकरण अपुरे होते, आणि हे कबूल करायला मला चव्वेचाळीस वर्षे लागली, याला कोणतेही समर्थन नाही.

आता संपादक महोदय, आपण. खासगी पत्र नको, स्टँडपाशी उभ्याने दिलेले स्पष्टीकरण नको, "अनवधानाने" हा शब्द तर मुळीच नको. येत्या महिन्याच्या अभ्यासमंडळात, सर्व सभासदांसमोर, आपण तिचे मूळ पान आणि आपले छापील पान, दोन्ही मोठ्याने वाचावीत. सभासद कोणत्या पानाला हसतात ते स्वतःच्या कानांनी ऐकावे. आणि मग पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नीकडे पाहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यावे: "मी गाडी चालवतो" हे वाक्य तिचे नव्हते, असे आपण कोणत्या अधिकाराने ठरवलेत?